"हे पोट्टं इंडियाकडून खेळन": एका भाकिताचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१.
सोयाबीन निघाले की वाशीम जिल्ह्यात काही दिवस वावरे मोकळी होतात. रिसोड तालुक्यातील केनवड घ्या किंवा आसपासचे दुसरे कोणतेही गाव घ्या, अशा मोकळ्या जागेत टेनिसच्या चेंडूचे सामने रंगतात. पंधरा वर्षांचा एखादा मुलगा चेंडू थेट धुऱ्यापलीकडे भिरकावतो. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी उद्गारतो, "हे पोट्टं एक दिवस इंडियाकडून खेळन, पाहजा."

हे भाकीत देशातील प्रत्येक मैदानावर रोज केले जाते. त्यातील किती खरी ठरतात, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. या धाग्याचा विषय तोच हिशेब आहे. कोवळ्या वयातील फटकेबाजाचे भवितव्य सांगता येते का? आणि ज्यांच्याविषयी ते सांगितले गेले, त्या मुलांचे पुढे काय झाले?

२.
गावातल्या सामन्यांचे धावफलक जपले जात नाहीत. त्यामुळे या प्रश्नाचा पुरावा शोधण्यासाठी जिथे शालेय सामन्यांच्याही नोंदी राहिल्या, तिथे जावे लागते. महाराष्ट्रात असे ठिकाण म्हणजे मुंबई. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाची शालेय ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. आज ती सोळा वर्षांखालील मुलांची स्पर्धा आहे. तिच्या पाठोपाठ चौदा वर्षांखालील मुलांसाठी जाइल्स ढाल आली. आझाद मैदानावरील या सामन्यांनी शंभराहून अधिक वर्षे मुंबईला 'उद्याचे खेळाडू' दाखवले आहेत, आणि कित्येकदा चुकीचेही दाखवले आहेत.

३.
पण पहिली कथा मुंबईची नाही. ती इंग्लंडची आहे, आणि तिचे एक टोक भारतात आहे. आर्थर कॉलिन्स या मुलाचा जन्म १८८५ साली आजच्या झारखंडमधील हजारीबागेत झाला. जून १८९९ मध्ये, तेराव्या वर्षी, ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन कॉलेजमधील एका अंतर्गत सामन्यात त्याने नाबाद ६२८ धावा केल्या. हा डाव अनेक दुपारी चालला होता आणि पाहायला गर्दी लोटत होती. क्रिकेटमधील कोणत्याही नोंदलेल्या सामन्यातील ती सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ठरली, आणि पुढील ११६ वर्षे तशीच राहिली.

कॉलिन्स पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. तो सैन्यात गेला. ११ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत तो मारला गेला. त्या वेळी तो एकोणतीस वर्षांचा होता. १८९९ सालच्या धावफलकावर नजर खिळवून बसलेल्या कोणालाही १९१४ दिसणे शक्य नव्हते. खेळाडूचे भाकीत करताना माणूस फक्त खेळाकडे पाहतो. आयुष्य खेळाच्या बाहेरूनही येऊन आदळते.

४.
दुसरी कथा आपल्याच भागातली. कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. त्यांचा षटकार हा त्या काळचा चमत्कार होता. १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर, हिंदू संघाकडून खेळताना, आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी सुमारे दोन तासांत १५३ धावा तडकावल्या. त्यात ११ षटकार होते. नायडू तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्या वेळी वाशीम तालुका अकोला जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात होता, आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालत असे.

आता कल्पना करा, की १९११ च्या सुमारास सोळा वर्षांच्या नायडूंना पाहून एखाद्याने म्हटले असते, "हा मुलगा देशाचा कर्णधार होईल." ते भाकीत शब्दशः खरे ठरले असते. तरीही त्या दिवशी त्याला काही अर्थ नव्हता, कारण भारताचा कसोटी संघच अस्तित्वात नव्हता. तो १९३२ साली लॉर्ड्सवर उतरला. नायडू कर्णधार होते आणि त्यांचे वय छत्तीस होते. त्यांच्या वाट्याला सातच कसोटी आल्या आणि धावांची सरासरी २५ राहिली.

केवळ आकडा पाहणारा म्हणेल, सामान्य फलंदाज. पण त्यांच्या उमेदीची वर्षे भारताला कसोटी दर्जा मिळण्याआधीच सरली होती. गुणाला पोहोचण्यासाठी रस्ता लागतो. तो रस्ता कधी बांधला जाईल, हे मुलाच्या हातात नसते.

५.
आता मुंबई, २४ फेब्रुवारी १९८८. हॅरिस ढालीची उपांत्य फेरी. शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. तिसऱ्या गड्यासाठी दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव घोषित केला. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या गैरहजेरीत त्यांचे सहायक डाव घोषित करण्याचे निरोप मैदानात पाठवत होते आणि फलंदाज तिकडे काणाडोळा करत होते, ही आठवण दोघांनीही पुढे अनेकदा सांगितली आहे.

ही घटना सर्वांना ठाऊक आहे. पण ती आपण उलट्या बाजूने वाचतो. २०१३ साली निवृत्त झालेला तेंडुलकर मनात धरून आपण १९८८ कडे पाहतो आणि म्हणतो, "तेव्हाच दिसले होते!" इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला हवे. त्या संध्याकाळी मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला नेमके काय दिसत होते?

६.
त्याला दिसत होते ते असे. दोघांपैकी जास्त धावा कांबळीच्या. सेंट झेवियर्सचा डाव गुंडाळताना ३७ धावांत ६ बळीही कांबळीचेच. एकाच सामन्याच्या पुराव्यावर पैज लावायची असती, तर कित्येकांनी ती कांबळीवर लावली असती, आणि ती वेडेपणाची ठरली नसती.

एक बारीक फरक मात्र धावफलकाबाहेर होता. कांबळी सोळा वर्षे पूर्ण केलेला, तर तेंडुलकर अजून पंधराही पूर्ण न केलेला. दोघांत पंधरा महिन्यांचे अंतर होते. प्रौढांमध्ये पंधरा महिन्यांना काही अर्थ नसतो. मिसरूड फुटण्याच्या वयात तो फार मोठा असतो, कारण या वयात दंडातील ताकद महिन्यागणिक वाढते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

७.
या चित्रात आणखी दोन मुले होती.

शारदाश्रमचा पुढचा फलंदाज तेरा वर्षांचा होता. तो पॅड बांधून बसून राहिला. ६६४ धावा होईपर्यंत त्याची पाळी आलीच नाही. त्याचे नाव अमोल मुझुमदार.

आणि सेंट झेवियर्सकडून लेगस्पिन टाकणारा एक मुलगा होता. या जोडीसमोर त्याचे काहीएक चालले नाही. त्याचे नाव साईराज बहुतुले.

चार मुले, एक मैदान, एकच सामना. आता पुढचे पाहू.

८.
तेंडुलकरने त्याच वर्षी डिसेंबरात रणजी पदार्पणात गुजरातविरुद्ध नाबाद शतक केले. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी, सोळाव्या वर्षी, तो कराचीत पहिली कसोटी खेळला. अखेरीस २०० कसोटी आणि १५,९२१ धावा.

कांबळीने रणजी कारकिर्दीतील पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. जानेवारी १९९३ मध्ये त्याचे कसोटी पदार्पण झाले. लगेच वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, आणि त्यानंतर श्रीलंकेत १२५ व १२०. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३. केवळ १४ डावांत त्याने हजार कसोटी धावा पूर्ण केल्या. त्या क्षणी जगातील कोणीही त्याचे भविष्य वाईट सांगितले नसते.

९.
पुढच्या दहा कसोटींत कांबळीच्या २९१ धावा झाल्या, म्हणजे सरासरी सुमारे २२. नोव्हेंबर १९९५ मध्ये तो शेवटची कसोटी खेळला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि त्याची एकंदर सरासरी ५४ होती.

या घसरणीची स्पष्टीकरणे महाराष्ट्रात घरोघरी ऐकायला मिळतात. आखूड टप्प्याचा चेंडू, शिस्त, प्रसिद्धी. त्यांत तथ्याचा अंश असेलही. पण सांख्यिकीत एक जुना नियम आहे. फ्रान्सिस गाल्टनने एकोणिसाव्या शतकात तो मांडला. अपवादात्मक उंची गाठलेली मोजणी पुन्हा केली, की ती बहुधा सरासरीच्या दिशेने परतते. ११३ ची सरासरी कोणाचीच टिकत नाही, तेंडुलकरचीही टिकली नसती. कांबळी घसरणार हे गणितानेच ठरले होते. प्रश्न एवढाच होता, की घसरणीच्या काळात संघ त्याची किती वाट पाहील. संघाने वाट पाहिली नाही. १९९६ च्या जूनमध्ये सौरव गांगुली आणि राहुल द्रविड एकाच कसोटीत आले, आणि मधल्या फळीची दारे पुढली दीड दशके जवळजवळ बंद झाली.

इथे कारणे दोन आहेत. एक खेळाडूच्या आतले आणि एक बाहेरचे. लोककथा फक्त आतले लक्षात ठेवते, कारण तिला तात्पर्य हवे असते.

१०.
पॅड बांधून बसलेल्या मुलाने प्रथम श्रेणी पदार्पणात, हरियाणाविरुद्ध, २६० धावा केल्या. पदार्पणातील तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. त्याला 'नवा तेंडुलकर' म्हटले गेले. तो पुढे दोन दशके खेळला. त्याने प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतके केली आणि २००६-०७ मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. भारतीय संघाचे दार मात्र त्याच्यासाठी एकदाही उघडले नाही.

आणि ज्या लेगस्पिनरला त्या दिवशी या जोडीने झोडपले, तो बहुतुले २००१ साली भारताकडून कसोटी खेळला.

त्या सामन्याचा धावफलक हाती घेऊन बसलेल्या कोणत्या पंडिताने सांगितले असते, की पॅड बांधलेला मुलगा बाहेर राहील आणि मार खाणारा आत जाईल?

११.
"पण ६६४ सारखा विक्रम अपवादात्मक गुणाशिवाय होतच नाही," असा आक्षेप इथे येतो. मग हे पाहा. नोव्हेंबर २००६ मध्ये हैदराबादेत एका शालेय सामन्यात दोन मुलांनी ७२१ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर-कांबळी विक्रम मोडला. त्या दोघांपैकी एकही जण भारतीय संघापर्यंत पोहोचला नाही. १९८८ ची भागीदारी प्रत्येक क्रिकेटवेड्याला पाठ आहे आणि ती मोडणारी कोणाच्याच लक्षात नाही, याचे कारण पुढे जे घडले त्यात आहे. जो पोहोचतो, त्याचेच बालपण 'पूर्वचिन्ह' ठरते. जे पोहोचत नाहीत, त्यांचे बालपण धावफलकाच्या जुन्या वहीत राहते.

१२.
२००९ नंतर मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये आकड्यांचा पूर आला.

नोव्हेंबर २००९: बारा वर्षांचा सर्फराज खान, हॅरिस ढाल, ४३९ धावा. कसोटी पदार्पण फेब्रुवारी २०२४ मध्ये, सव्वीसाव्या वर्षी. मध्ये चौदा वर्षांची प्रतीक्षा.

नोव्हेंबर २०१३: चौदा वर्षांचा पृथ्वी शॉ, रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ५४६ धावा. तेंडुलकरने वानखेडेवर निरोप घेऊन आठवडाही उलटला नव्हता. योगायोग इतका चपखल होता, की भाकीत करण्याची गरजच उरली नाही, वारसदार आपोआप घोषित झाला.

२०१५: यशस्वी जयस्वाल, जाइल्स ढाल, नाबाद ३१९ धावा आणि त्याच सामन्यात १३ बळी. कसोटी पदार्पण २०२३ मध्ये, पदार्पणातच १७१.

१३.
शॉचे उदाहरण विशेष विचार करायला लावणारे आहे, कारण त्याच्या बाबतीत केवळ शालेय आकडा नव्हता. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडक पदार्पणात शतक, २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, आणि त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १५४ चेंडूंत १३४ धावा. प्रत्येक पायरीवर पुरावा वाढत होता. नंतर ऑस्ट्रेलियात घोट्याची दुखापत, पुढे खोकल्याच्या औषधातील निषिद्ध घटकामुळे आठ महिन्यांची बंदी, मग धावांचा दुष्काळ. शेवटची कसोटी डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला. वय एकवीस. पाच कसोटींत सरासरी ४२.

त्याची कारकीर्द अजून संपलेली नाही, त्यामुळे अंतिम वाक्य लिहिण्याचा अधिकार आज कोणालाच नाही. पण इतके म्हणता येते, की सर्वांत भक्कम पुराव्यावर उभे असलेले भाकीतसुद्धा शक्यतेपलीकडे जात नाही.

१४.
आणि मग जानेवारी २०१६, कल्याण. पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने के. सी. गांधी शाळेकडून नाबाद १००९ धावा केल्या. कॉलिन्सचा ६२८ चा विक्रम ११६ वर्षांनी मोडला. एका डावात हजार धावा करणारा तो नोंदलेल्या इतिहासातील पहिला फलंदाज ठरला. वडील रिक्षाचालक. दोन दिवसांत जगभरची दूरचित्रवाणी कल्याणमध्ये पोहोचली.

आकड्याच्या आजूबाजूला आणखीही आकडे होते. प्रतिस्पर्धी संघ दोन्ही डावांत मिळून शंभरीही गाठू शकला नाही, कारण त्या शाळेने उतरवलेली मुले अगदीच नवखी होती. मैदानाच्या एका बाजूची सीमारेषा अगदी जवळ होती. यात प्रणवचा काहीच दोष नव्हता. समोर येणारा चेंडू त्याने मारला, तासन्‌तास मारला, दमला तरी मारला. हजार धावा करण्यासाठी लागणारी चिकाटी खरीच होती. मात्र त्या आकड्यात मैदान किती, प्रतिस्पर्धी किती आणि मुलगा किती, हे वेगळे काढण्याची तसदी जगाने घेतली नाही.

१५.
मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. २०१७ च्या अखेरीस त्याच्या कुटुंबानेच ती थांबवण्याची विनंती केली, कारण अपेक्षित खेळ होत नव्हता.

या कृतीतील सचोटी असामान्य आहे. पण तिच्यामागचे ओझेही पाहायला हवे. सतरा वर्षांच्या मुलाकडून अपेक्षा होती ती हजार धावांच्या डावाशी बरोबरी करण्याची. अशी बरोबरी जगात कोणीही केली नव्हती. म्हणजे भाकीत करणारे चुकले, आणि चुकीची भरपाई भाकिताचा विषय असलेल्या मुलाने केली. हा व्यवहार या संपूर्ण इतिहासात वारंवार दिसतो.

१६.
मग भाकीत करूच नये का? अमेरिकेतील बेसबॉलचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तो खेळही फटकेबाजांच्या प्रेमात आहे. चेंडू प्रेक्षकांत भिरकावणाऱ्या तरुणावर तिथले संघ प्रचंड पैसा लावतात. म्हणून या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास तिथे झाला. १९७७ पासून बिल जेम्स या हौशी अभ्यासकाने बेसबॉलच्या आकड्यांची वार्षिके काढायला सुरुवात केली. २००३ साली नेट सिल्व्हर याने 'पेकोटा' नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिची कल्पना सोपी होती. एखाद्या तरुण खेळाडूचे भवितव्य सांगायचे, तर पूर्वी त्याच वयात त्याच्यासारखे खेळणारे सर्व खेळाडू शोधा आणि त्या सर्वांचे पुढे काय झाले ते पाहा. यशस्वी झाले त्यांचे, आणि झाले नाहीत त्यांचेही.

उत्तर एका आकड्यात येत नाही. ते पट्ट्यात येते: नशीब फळफळले तर इतके, बहुधा इतके, वाईट झाले तर इतके. ही पद्धत इतिहासकाराच्या पद्धतीपेक्षा फारशी वेगळी नाही.

१७.
या अभ्यासातून फटकेबाजांविषयी हाती आलेल्या काही गोष्टी केनवडच्या वावरालाही लागू पडतात.

पहिली: चेंडू किती लांब गेला, यापेक्षा तो किती वेळा चुकला हे अधिक बोलके असते. लांबी ताकद सांगते. चुकणे नजर सांगते. ताकद वयाबरोबर येते, नजर तितक्या सहज येत नाही.

दुसरी: वय प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत पाहावे. सोळा वर्षांच्या मुलाने चौदा वर्षांच्या मुलांना झोडपणे ही मोठी बातमी नाही. चौदा वर्षांच्या मुलाने सोळा वर्षांच्यांना झोडपणे ही आहे. १९८८ च्या त्या सामन्यात भविष्याची एखादी खरी खूण असेल, तर ती ३२६ धावांपेक्षा तेंडुलकरच्या जन्मतारखेत अधिक होती.

तिसरी: वरच्या पायरीवर गेल्यावर खेळ किती बदलतो ते पाहावे. टेनिसच्या चेंडूवर जो आडवा फटका षटकार देतो, तोच चामड्याच्या, शिवण असलेल्या, हवेत हलणाऱ्या चेंडूवर झेल देतो.

आणि चौथी, जी पहिल्या तिन्हींना लगाम घालते: या सर्व खुणा असूनही मुलगा घसरू शकतो. शॉच्या बाबतीत दुसरी आणि तिसरी खूण तर उघड दिसत होती.

१८.
उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्यांच्याविषयी कोणी भाकीत केले नाही, किंवा करून सोडून दिले, त्यांचे काय?

रोहित शर्माचा जन्म नागपूरचा. बोरिवलीच्या शाळेत प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला घेतले ते ऑफस्पिनर म्हणून. फलंदाजीला तो तळाला येत असे. २००७ मध्ये तो भारताकडून खेळला, पण २०११ च्या विश्वचषक संघात त्याला जागा मिळाली नाही. २०१३ मध्ये सलामीला पाठवल्यावर त्याची कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू झाली. तेव्हा तो पंचविशी ओलांडून गेला होता. २०२३ मध्ये तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सर्वाधिक षटकार मारणारा फलंदाज ठरला.

सूर्यकुमार यादव मुंबईकडून २०१० पासून खेळत होता. भारताकडून पहिल्यांदा बॅट हाती घेतली तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पहिल्याच चेंडूवर जोफ्रा आर्चरला षटकार.

अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भाकडून खेळत राहिला. आयपीएलचा पहिला सामना त्याला अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो भारताकडून खेळला.

हे तिघेही आजच्या काळातील मोठे फटकेबाज. तिघांपैकी एकाचेही भवितव्य पंधराव्या वर्षीच्या एखाद्या आकड्याने सांगितले नव्हते.

१९.
जितेशच्या कथेत नायडूंच्या कथेचा धागा पुन्हा सापडतो: रस्ता. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात आहे, पण पहिले विजेतेपद मिळायला २०१७-१८ उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी दुसरे आले आणि २०२४-२५ मध्ये तिसरे. वऱ्हाडातल्या मुलांच्या दंडात २०१७ साली अचानक ताकद आली, असे कोणी म्हणणार नाही. नागपुरात मैदाने, प्रशिक्षक, अकादमी आणि निवड यांची साखळी उभी राहिली, म्हणून जे आधीही होते ते दिसू लागले.

त्या साखळीचे शेवटचे टोक केनवडपासून अजून दूर आहे. मुंबईच्या मुलाला हॅरिस ढाल शाळेच्या दारात मिळते. केनवडच्या मुलाला आधी चामड्याचा चेंडू मिळवावा लागतो, मग मॅट, मग जिल्ह्याची निवड चाचणी, मग नागपूर. प्रत्येक टप्प्यावर प्रवासाचे पैसे आणि घरच्या कामाचा बुडालेला दिवस. इथे भाकीत चुकते ते बहुतेकदा मुलाचा गुण चुकीचा जोखल्यामुळे नाही, तर तो गुण जोखण्याची वेळच येत नाही म्हणून.

२०.
आजही हाच खेळ चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये बिहारच्या वैभव सूर्यवंशीने चौदाव्या वर्षी आयपीएलमध्ये ३५ चेंडूंत शतक केले. त्याच हंगामात विरारचा आयुष म्हात्रे सतराव्या वर्षी चेन्नईकडून ९४ धावांचा डाव खेळून गेला. दोघांविषयी पुढच्या वीस वर्षांची भाकिते छापून झाली आहेत. हिशेबाची वही उघडून पाहणारा माणूस एवढेच म्हणेल: वयाच्या मानाने प्रतिस्पर्धी मोठे होते, ही चांगली खूण आहे. बाकीचे अजून घडायचे आहे, आणि ते घडण्यासाठी या मुलांना अपयशी होण्याची मुभा लागेल.

कांबळीला ती तेविसाव्या वर्षानंतर मिळाली नाही. रोहितला ती सहा वर्षे मिळाली.

२१.
शेवटी त्या पॅड बांधून बसलेल्या मुलाकडे जाऊ.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. ज्याला भारताची टोपी कधीच मिळाली नाही, त्याने तयार केलेला संघ जगज्जेता ठरला. १९८८ मध्ये कोणी म्हटले असते, "हा तेरा वर्षांचा मुलगा भारताला विश्वचषक मिळवून देईल," तर ते भाकीत खरे ठरले असते. पण ते कशा प्रकारे खरे ठरेल, हे बोलणाऱ्याला सुचलेही नसते. त्या काळात भारतीय महिला क्रिकेटकडे पाहणारेच फार थोडे होते.

नायडूंसाठी कसोटी संघ नंतर आला. मुझुमदारांसाठी हा रस्ता नंतर आला.

२२.
म्हणून केनवडच्या वावरात चेंडू धुऱ्यापलीकडे गेला, की "इंडियाकडून खेळन" असे जरूर म्हणावे. ते कौतुक आहे, आणि कौतुक मुलाला लागते. पण ते म्हणून झाल्यावर त्याला चामड्याचा एक चेंडू आणून द्यावा, जिल्ह्याच्या चाचणीची तारीख विचारून ठेवावी आणि पुढचे तीन डाव तो शून्यावर बाद झाला तरी चौथ्या डावाला त्याचे नाव यादीत ठेवावे. सव्वाशे वर्षांच्या नोंदींत भाकीत करणाऱ्यांची कमतरता कधीच दिसत नाही. चौथा डाव देणारे मात्र थोडेच सापडतात.

तुमच्या गावात 'पुढे जाणार' म्हणून गाजलेला मुलगा कोण होता आणि आज तो काय करतो? तेही लिहून ठेवा. पोहोचले त्यांच्या नोंदी भरपूर आहेत. कमी आहेत त्या न पोहोचलेल्यांच्या.